बेणं

कोरोनेल,
तुला मरून अकरा वर्षं झाली.
काल लास चिर्कासच्या माळावर
तुझी आणखी सहा वासरं उभी राहिली,
लटपटती, तुझ्यासारखीच पांढऱ्या तोंडाची.

माझ्या जीपमध्ये मागे पिंप आहे.
उणे एकशे शहाण्णव अंशांवर
तू त्यात निळ्या कांड्यांतून बसला आहेस.
चौदा हिवाळे वाहतोय मी हे पिंप
चिखलातून, काटेरी तारांच्या फाटकांतून.
दर पंधरवड्याला काठी बुडवून पाहतो :
नायट्रोजन बोटभर उतरला तरी
झोप लागत नाही.
दुसऱ्याचं बेणं आहे ते.

मानेवरची गाठ ग्रिसेल्दाच्या हाताला लागली
तेव्हा मार्च होता.
एप्रिलात मोन्तेविदेओ,
ताक्वारेम्बोहून बसने सहा तास.
डॉक्टरीण म्हणाली, उद्याच सुरू करू.
केस जातील. तोंड येईल.
पाण्याला पत्र्याची चव लागेल.
सगळं आलं, आणि गेलंही.
एक गोष्ट मात्र कागदाच्या पाठीमागे होती,
बारीक अक्षरात.
आणि मी,
दोन हजार कांड्या राखल्याखेरीज
कुणाला वळू विकू न देणारा अनिबाल एचेगाराय,
मी ते पान उलटलं नाही.
सही केली, पेन परत दिलं.

पुढच्या वर्षी एका पोरसवदा डॉक्टरने
पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलं.
वृषणात नळ्या असतात, म्हणाला,
केसाएवढ्या बारीक, वेटोळी घालून बसलेल्या.
आतल्या कडेला बीजपेशी,
रात्रंदिवस एकाच्या दोन, दोनाच्या चार.
औषध घाईत असलेल्याला मारतं.
गाठीची घाई कुठली, बीजाची कुठली,
त्याला कळत नाही.
ज्या मरत नाहीत त्या पोसणाऱ्या,
पिल्लांना अंगाखांद्यावर वाढवणाऱ्या पेशी.
रिकाम्या नळीत
त्या तशाच उभ्या राहतात.
त्याने चार रेघा काढल्या, जरा थांबला,
मग घाईने म्हणाला :
बाकी शाबूत आहे. आवाज, दाढी, इच्छा.
परतही येतं कधीकधी.
दोन वर्षांनी, पाच वर्षांनी.
कधीकधी येत नाही.

आमच्या धंद्यात वळू असतो आणि बैल असतो.
मी कोण, ते त्याला विचारलं नाही.

वळू तपासायचा सूक्ष्मदर्शक शेडमध्ये आहे.
काच सदतीस अंशांवर तापवायची,
थेंब ठेवायचा, श्वास रोखायचा.
तुझा पहिला थेंब आठवतो, कोरोनेल :
पाम्पेरो वारा सुटल्यावर
गवत घुसळतं तसा सगळा माळ हलत होता.
माझा पाहिला.
गुरांच्या डोणीत आभाळ दिसावं
इतका स्वच्छ.

नवं बीज पिकायला अडीच महिने लागतात.
गाईंच्या विण्याच्या तारखांशेजारी
मी पेन्सिलीने ठिपके दिले.
ग्रिसेल्दाला सांगायचो, पिंप बघून येतो.
सहाव्या ठिपक्याला ती मागे येऊन उभी होती,
अंगावर माझा पोंचो, काखेत थर्मास.
किती दिवसांपासून ठाऊक होतं, देव जाणे.
"सरक," म्हणाली.
भूगोल शिकवते ती. नकाशावरची गावं
तिला माझ्याआधी सापडतात.
बराच वेळ डोळा लावून बसली.
"डाव्या कोपऱ्यात काय आहे?"
धूळ असेल.
"धूळ शेपूट हलवते?"
मी वाकलो. तिच्या श्वासाने भिंग धुरकटलेलं.
पुसून पाहीपर्यंत
काच थंड झाली होती.

दोघं शेडच्या पायरीवर बसलो.
माते कडू झाला होता, तरी संपवला.
कुणी काही बोललं नाही.

उद्या नायट्रोजनची गाडी येते.
पिंपातला तळचा एक खण
मी आज मोकळा केला आहे.
कोरोनेल,
जरा सरकून बस.